टॉवर सारखा 'से अगेन' म्हणतो, नाहीतर आपल्यालाच भलतं ऐकू येतं: नक्की कुठून तपासायचं

दर बॅचला हा प्रश्न येतो म्हणजे येतोच. मुलगा सोलोला, म्हणजे एकट्याने विमान उडवायला, जाऊन आलेला असतो, लँडिंग छान, चेकलिस्ट तोंडपाठ, आणि विमानातून उतरताना चेहरा उतरलेला. काय झालं विचारलं की म्हणतो, "सर, टॉवर तीनतीनदा से अगेन म्हणत होता", म्हणजे टॉवरमधला कंट्रोलर 'परत सांगा' म्हणत होता. नाहीतर उलटं, "सर, मला वाटलं मलाच सांगितलं." मी आता काही वर्षं फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे आणि मीही मराठी शाळेतूनच आलोय, त्यामुळे आरटीच्या, म्हणजे रेडिओवरच्या बोलण्याच्या, भीतीने पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, ट्रेनिंगमधल्या मुलामुलींसाठी.

बिघाड बहुतेक वेळा रेडिओत नसतो, पण सुरुवात रेडिओपासूनच करायची, कारण ते दोन मिनिटांत तपासून होतं आणि मग मनात शंका राहत नाही.

हेडसेटला दोन पिना असतात, जाड पिन ऐकायची आणि बारीक पिन माइकची. बारीक पिन अर्धवट बसली की तुम्हाला सगळं स्वच्छ ऐकू येतं पण तुमचं कुणालाच जात नाही, किंवा टॉवरला नुसता कॅरिअर जातो, म्हणजे कुणीतरी बटण दाबलंय एवढं त्याला कळतं पण शब्द एकही नाही. पिन काढा, कोरड्या कपड्याने पुसा, पूर्ण आत जाईपर्यंत दाबा आणि एकदा गोल फिरवा. पावसाळ्यात आणि किनाऱ्याकडच्या दमट हवेत पिनांवर थर चढतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण कानाला खरखर येते. माइक ओठांच्या कोपऱ्याजवळ हवा, एका बोटाच्या अंतरावर, हनुवटीखाली नाही. हे माइक लांबचा आवाज इंजिनचा समजून कापतात, आणि मग तुम्ही कितीही ओरडलात तरी टॉवरला गुणगुण ऐकू जाते. ओरडायचं तर अजिबातच नाही, ओरडल्यावर आवाज फाटतो.

मग ऑडिओ पॅनेल, म्हणजे कॉम वन आणि कॉम टू या दोन रेडिओंपैकी कुठला ऐकायचा आणि कुठल्यावर बोलायचं ते ठरवणारी बटणं. ऐकताय कॉम टूवर आणि माइक सिलेक्टर कॉम वनवर, हे इतक्या वेळा होतं की काही ऐकू जात नाही म्हटलं की माझा हात आधी तिकडेच जातो. बोलताना स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात येतो त्याला साइडटोन म्हणतात, तो येत नसेल तर बहुतेक तुमचं बोलणं बाहेर गेलेलंच नाही. फ्रिक्वेन्सी स्टँडबायला, म्हणजे राखीव खिडकीत टाकली आणि अदलाबदलीचं बटण दाबायचं राहिलं, हेही बघा. स्क्वेल्च, म्हणजे रिकामी खरखर दाबून ठेवणारी सोय, उघडून फसफस आवाज येतो का ऐका, येत असेल तर रिसिव्हर जिवंत आहे आणि व्हॉल्यूमही आहे, मग शांतता का आहे ते दुसरीकडे शोधायचं. आणि ऐकू व्यवस्थित येतंय पण बोलायला बटण दाबलं की रेडिओ मलूल होतो, डिस्प्ले मंदावतो, असं दिसलं तर अँमीटर (करंट दाखवणारा काटा) बघा, अल्टरनेटर (इंजिनवर वीज तयार करणारं यंत्र) गेलेला असू शकतो. बोलायला ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो, म्हणून बॅटरी उतरायला लागली की आधी बोलणं जातं, ऐकणं नंतर.

उंचीचं पण लक्षात ठेवा. विमानाचा रेडिओ ज्यावर चालतो ते व्हीएचएफ सरळ रेषेत जातं, डोंगराला वळसा घालत नाही. साधा हिशोब असा की उंची फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.२३ ने गुणा, तेवढे नॉटिकल मैल. १,००० फुटांवर साधारण ४० मैल, १०,००० फुटांवर साधारण १२०, आणि तेही मधे काही आडवं नसेल तर. सह्याद्रीच्या रांगेआड खाली उतरलात आणि टॉवर गप्प झाला तर रेडिओला दोष देण्याआधी थोडं वर चढून परत बोलून बघा.

बटणाची सवय: दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला, आणि शेवटचा शब्द पूर्ण तोंडाबाहेर पडल्यावर सोडा. दाबता दाबता बोलायला सुरुवात केली की पहिला तुकडा कापला जातो, आणि पहिला तुकडा म्हणजे नेमका तुमचा कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव) किंवा स्टेशनचं नाव, मग टॉवर से अगेन म्हणणारच.

आता स्टक माइक. बटण अडकून राहतं, किंवा योकवर (विमान वळवायच्या हँडलवर, बोलायचं बटण तिथेच असतं) चार्ट ठेवला आणि त्याने दाबून धरलं. विमानातल्या माणसाला वाटतं की आज फ्रिक्वेन्सीवर फार शांतता आहे, कारण स्वतःचा ट्रान्समीटर चालू असताना रिसिव्हर बंद असतो, आणि बाहेर मात्र त्याने अख्खी फ्रिक्वेन्सी बुजवून टाकलेली असते, त्याच्या कॉकपिटमधल्या गप्पा सगळे ऐकतायत आणि टॉवरला कुणाशीच बोलता येत नाही. सर्किटमधे, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, पाच विमानं असताना हा प्रकार फार वाईट. म्हणून फार वेळ शांतता वाटली की रेडिओच्या डिस्प्लेवर ट्रान्समिटचं चिन्ह लागून राहिलंय का बघा. लागलेलं असेल तर बटण दोनतीनदा झटकून दाबा-सोडा, नाही गेलं तर माइकची पिन उपटा, तरीही चिन्ह राहिलं तर तो रेडिओच बंद करा.

आणि दोघं एकाच वेळी बोलले की काय होतं? आपला एअरबँड एएमवर चालतो, त्यात दोन कॅरिअर एकमेकांवर चढले की कर्कश शिट्टी येते, दोघांचंही धड ऐकू येत नाही. एफएमवर असतो तर जोरदार सिग्नलने दुसऱ्याला गिळून टाकलं असतं आणि दुसरा कुणी बोलला हे कळलंही नसतं, म्हणजे ती शिट्टीच आपल्याला सांगत असते की काहीतरी हुकलंय. शिट्टी ऐकलीत तर आपलं काम झालं असं धरू नका. परत विचारा. हे एवढं जोर देऊन का सांगतोय ते पुढे येईलच.

इथपर्यंत यंत्राचं झालं. हे सगळं ठीक असूनही गोंधळ होत असेल, आणि बहुतेक वेळा तसंच असतं, तर मग पुढचं नीट वाचा.

आकडे.

मागच्या पावसाळ्यात परभणीकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे होती, अत्यंत हुशार, गणित पक्कं. तिला स्क्वॉक (रडारवर विमानाची ओळख पटवणारा चार अंकी कोड) मिळाला २५३७ आणि तिने मांडीवरच्या नीपॅडवर लिहिलं २५७३. परत एकदा असंच झालं, हेडिंग (विमानाचं नाक ठेवायची दिशा) ०३५ मिळालं आणि तिने बगवर, म्हणजे दिशा लावून ठेवायच्या खुणेवर, लावलं ०५३. कान ठणठणीत होते. मग एक दिवस मी तिला विचारलं, की आकडा ऐकल्यावर तू मनात काय म्हणतेस? ती म्हणाली, "सदतीस." तिथेच उलगडा झाला. आपल्या मराठीत सदतीस म्हणताना आधी सात येतो आणि मग तीस, पस्तीस म्हणताना आधी पाच. लहानपणी पाढे मराठीतून पाठ केलेला मेंदू घाईत असला की "थ्री सेव्हन" ऐकतो, त्याचं सदतीस करतो, आणि हात सदतीस लिहायला जातो तेव्हा सात पुढे येतो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस हे तर वेगळंच प्रकरण आहे, "टू नाइनर" ऐकलं, मनात एकोणतीस झालं, आणि कानात राहिला तो तीस.

यावर उपाय एकच, आकडा जोडायचा नाही. आरटीवर आकडे सुटे सुटे सांगतात ते याचसाठी, तर ऐकतानाही सुटेच ऐकायचे आणि लिहितानाही सुटेच. तीन आणि सात हे दोन वेगवेगळे अंक, सदतीस नावाची वस्तूच नाही. तिला मी एक साधा सराव दिला, रस्त्याने जाताना गाड्यांच्या नंबरप्लेट मोठ्याने वाचायच्या. यवतमाळची गाडी दिसली तर "एमएच एकोणतीस" नाही, "माइक होटेल टू नाइनर", आणि पुढचे चार अंकही सुटे. महिनाभर एसटीच्या खिडकीतून तिने हेच केलं. आता चुकत नाही.

आणि उच्चार ठरलेले आहेत ते तसेच करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही: थ्रीचं ट्री, फोरचं फोअर लांबवून, फाइव्हचं फाइफ, नाइनचं नाइनर. फाइव्ह आणि नाइन खरखरीत सारखेच ऐकू येतात म्हणून त्यांची शेपटं वेगळी केलीत. अफर्मेटिव्ह न म्हणता अफर्म म्हणायचं तेही त्याचसाठी, नाहीतर निगेटिव्ह आणि अफर्मेटिव्ह दोघांचा शेवट एकच, पुढचा भाग कापला गेला की हो का नाही ते कळायचंच नाही. आपल्याकडे आणखी एक आहे, व्हिक्टर आणि व्हिस्कीतला पहिला आवाज आपण सारखाच काढतो, म्हणून दुसरा अर्धा भाग नीट म्हणा. वेगाचं म्हणाल तर मिनिटाला १०० शब्दांपेक्षा जास्त नको असं आंतरराष्ट्रीय नियमातच दिलंय. जेट कंपन्यांच्या कॅप्टनसारखं भराभर बोललं की आपण अनुभवी वाटू हा समज मुलांनी सोडून द्यावा.

आकड्यांमुळे माणसं गेलीत म्हणून एवढं लिहितोय. १९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूरजवळ एक ७४७ मालवाहू विमान उतरत होतं. कंट्रोलरने २,४०० फुटांवर यायला सांगितलं, शब्द साधारण असे होते, "डिसेंड टू फोर झिरो झिरो". हे देवनागरीत लिहिलं की तर जास्तच कळतं, यातला 'टू' म्हणजे दोन की 'पर्यंत'? कंट्रोलरच्या मनात दोन होतं, क्रूला 'पर्यंत चारशे' ऐकू आलं. त्यांनी रीडबॅक (ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवणं) दिला "फोर झिरो झिरो" असाच, आणि तो कुणी अडवला नाही. विमान टेकडीवर गेलं, चौघंही गेले. म्हणून उंची वाचताना थाउजंड आणि हंड्रेड हे शब्द गाळू नका, फीट किंवा फ्लाइट लेव्हल (शंभर फुटांच्या पटीत सांगितलेली उंची) लावा. "टू थाउजंड फोर हंड्रेड फीट" म्हणायला एक सेकंद जास्त लागतो, लागू दे.

क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरने (उंची दाखवणाऱ्या यंत्राने) बरोबर उंची दाखवावी म्हणून त्यावर लावायचा हवेचा दाब, तोही त्यातलाच. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पावसात एक ए३२० उतरत होतं. खरा क्यूएनएच १००१, कंट्रोलरने सांगितला १०११. क्रूने ऐकला तोच बरोबर वाचून दाखवला. दाबात दहा हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत जवळजवळ २८० फूट, म्हणजे अल्टिमीटर त्यांना सांगत होता की तुम्ही आहात त्यापेक्षा २८० फूट वर आहात. रनवेच्या दीडेक किलोमीटर अलीकडे विमान जमिनीपासून सहा फुटांवर आलं होतं, तिथून गो-अराउंड झाला, म्हणजे न उतरता विमान परत वर नेलं, सगळे वाचले. यात दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत. दुसऱ्या एका विमानालाही १०११ सांगितलं होतं, त्यांनी वाचताना १००१ म्हटलं, आणि तो फरक कंट्रोलरच्या कानावरून तसाच गेला. आणि फ्रेंच बोलणाऱ्या क्रूला फ्रेंचमधून बरोबर १००१ मिळत होता, पण या क्रूला फ्रेंच येत नव्हतं. कॉकपिटमधून हिंदी-मराठीत बोललो तर काय बिघडलं, असं मुलं विचारतात तेव्हा मी हेच उदाहरण देतो. नमस्कार म्हणा, हरकत नाही, पण कामाचं बोलणं सगळ्यांना कळेल त्याच भाषेत, कारण फ्रिक्वेन्सीवरचा तिसरा माणूस आपलं ऐकून स्वतःचं चित्र तयार करत असतो. आणि क्यूएनएच एटीआयएसशी (विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती) किंवा मेटारशी (हवामानाचा अहवाल) ताडून बघा, टॉवर म्हणाला म्हणून डोळे मिटून लावू नका.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि याला कुठलीही पिन पुसून उपयोग नाही. माणसाला जे ऐकायची अपेक्षा असते तेच ऐकू येतं.

माझा दुसरा सोलो. सकाळची वेळ, हवा शांत, विमानतळाचं नाव लिहीत नाही. सात सर्किट आधी इन्स्ट्रक्टरबरोबर झालेली, सातही वेळा फायनलवर, म्हणजे उतरण्यासाठी रनवेच्या सरळ रेषेत, वळलो की टॉवरने "क्लिअर्ड टू लँड" म्हटलेलं. आठव्या वेळी मी फायनल म्हणालो, टॉवर बोलला, आणि मी वाचून दाखवलं "क्लिअर्ड टू लँड रनवे वन फोर". लगेच टॉवरचा आवाज, आधीपेक्षा हळू आणि स्पष्ट, "निगेटिव्ह, कंटिन्यू अप्रोच, व्हेइकल ऑन रनवे." समोर बघितलं तर पक्षी हाकलायची जीप रनवेच्या पार दुसऱ्या टोकाला, लहान काडेपेटीएवढी. टॉवर पहिल्यांदाही "कंटिन्यू अप्रोच" (येत राहा, पण उतरायची परवानगी अजून नाही) असंच म्हणाला होता, माझ्या कानाने मात्र क्लिअर्ड टू लँड ऐकलं होतं, आणि आजही मला ते तसंच आठवतं, त्या कंट्रोलरच्या आवाजात. म्हणजे बघा, मी खोटं बोलत नव्हतो, बेसावधही नव्हतो. मला खरंच तसं ऐकू आलं. जीप बाहेर गेली, क्लिअरन्स मिळाला, मी उतरलो. माझा रीडबॅक त्या माणसाने कान देऊन ऐकला म्हणून निभावलं.

स्पेनच्या तेनेरीफ बेटावरचा अपघात सगळ्यांनी वाचलेला असतो पण तो या नजरेने परत वाचा. २७ मार्च १९७७, धुकं, दोन ७४७ रनवेवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानाला फक्त पुढच्या मार्गाचा क्लिअरन्स मिळाला होता, पण त्या वाक्यात टेक-ऑफ हा शब्द होता. निघायची घाई असलेल्या कॅप्टनने टेक-ऑफसाठी विमान पळवायला सुरुवात केली. को-पायलटने रीडबॅकच्या शेवटी म्हटलं की आता आम्ही टेक-ऑफला आहोत, टॉवरला वाटलं जागेवर तयार उभे आहेत. टॉवर म्हणाला "ओके", आणि क्षणभर थांबून, टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगतो. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचं विमान म्हणालं, आम्ही अजून रनवेवरच आहोत. दोन ट्रान्समिशन एकावर एक. केएलएमच्या कॉकपिटमधे नीट पोचलं ते फक्त "ओके", बाकी शिट्टी. वरती शिट्टीबद्दल जोर दिला तो यासाठी. तेव्हापासून टेक-ऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष टेक-ऑफचा क्लिअरन्स देताना, वाचताना किंवा रद्द करताना वापरायचा, एरवी डिपार्चर. म्हणून होल्डिंग पॉइंटवर (रनवेच्या आधी थांबायच्या जागी) "रेडी फॉर टेक-ऑफ" म्हणणाऱ्या मुलाला मी तिथल्या तिथे दुरुस्त करतो, त्याला राग आला तरी चालेल.

आणि रीडबॅक बरोबर असला म्हणजे झालं असंही नाही, हे हानेदाने दाखवलं. २ जानेवारी २०२४, टोकियो. तटरक्षक दलाच्या विमानाला सांगितलं, नंबर वन (निघायच्या रांगेत पहिले), होल्डिंग पॉइंट सी फाइव्हला या. त्यांनी वाचूनही तसंच दाखवलं, शब्द बरोबर. पण भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या कॅप्टनच्या मनात 'नंबर वन'चा अर्थ रनवेवर जायची परवानगी असा झाला, आणि विमान रनवेवर जाऊन उभं राहिलं. वरून ए३५० उतरलं. तटरक्षकच्या सहापैकी पाच जण गेले, प्रवासी विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले.

म्हणून मी तीन सवयी लावून घेतो. एक, होल्डिंग लाइन ओलांडायच्या आधी मोठ्याने म्हणायचं की मला रनवेवर जायला सांगितलंय का, आणि कोणत्या शब्दांत? ते शब्द आठवत नसतील तर थांबायचं आणि विचारायचं. फायनलवर आणि रनवेवर बघायचं, रेडिओ काहीही म्हणो. दुसरी, लँडिंग लाइट टेक-ऑफचा क्लिअरन्स मिळाल्यावरच लावायचा, म्हणजे तो बंद असेल तर हातालाच आठवण होते की अजून मिळालेलं नाही. आणि फायनलवर क्लिअर्ड टू लँड मिळालं की हाताने एक ठराविक खूण करायची, मी अंगठा थ्रॉटलच्या मुठीवर आडवा ठेवतो. खूण झाली नसेल तर परवानगी नाही.

कॉलसाइनचा घोळ लहान विमानतळांवर जास्त होतो कारण एकाच स्कूलच्या विमानांची शेवटची अक्षरं जवळजवळ सारखी असतात. तुमच्यासारखा कॉलसाइन हवेत असेल तर आपणहून पूर्ण कॉलसाइन वापरा, तोडून म्हणू नका, आणि उत्तर देताना तो न विसरता जोडा. नुसतं "रॉजर" म्हणणारा कोण ते टॉवरला कळत नाही. शिवाय रॉजरचा अर्थ फक्त तुमचं सगळं ऐकू आलं एवढाच आहे, करतो म्हणायचं तर विल्को, आणि क्लिअरन्स, रनवे, होल्ड शॉर्ट (रनवेच्या अलीकडे थांबा), उंची, हेडिंग, स्पीड, क्यूएनएच, स्क्वॉक यातलं काहीही मिळालं तर रॉजरही नाही आणि विल्कोही नाही, ते शब्दच परत वाचायचे.

आपल्याच देशातलं चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून चढणारं सौदी ७४७ आणि उतरणारं कझाक आयएल-७६ हवेत आदळली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते खाली आलं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते, म्हणजे ऐकलेली सूचना एका माणसाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या हातापर्यंत जायची होती. समोरचं विमान चौदा मैलांवर आणि लेव्हल वन फोर झिरोवर, म्हणजे १४,००० फुटांवर, असे दोन चौदा एकाच संवादात होते. मी मुलांना हे अशासाठी सांगतो की दोघं जण कॉकपिटमधे असाल तर उंची एकाने ऐकायची, दुसऱ्याने सेट करायची आणि दोघांनीही बोट दाखवून म्हणायची, मान डोलावणं चालणार नाही. त्या अपघातानंतर आपल्याकडे टीकॅस (जवळ आलेल्या विमानाचा इशारा देणारं यंत्र) सक्तीचं झालं, पण आपल्या ट्रेनिंगच्या विमानात टीकॅस नसतं हे विसरू नका.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने जे सांगायचंय ते. आपली मराठी माध्यमातली पोरं से अगेन म्हणत नाहीत. नाही समजलं तरी "रॉजर" म्हणून मोकळी होतात, कारण वर्गात परत विचारलं की हसतात ही सवय अंगात मुरलेली असते. टॉवरमधला माणूस हसत नाही. त्याला चुकीच्या रीडबॅकपेक्षा से अगेन शंभरदा परवडतो. पूर्ण कळलं नसेल तर "से अगेन", अर्धं कळलं असेल तर "से अगेन ऑल आफ्टर क्यूएनएच", लिहायला वेळ हवा असेल तर "स्टँडबाय", जमणार नसेल तर "अनेबल". पायलटला इंग्रजीचा जो लेव्हल चार लागतो त्याच्या निकषातही असंच आहे की उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते, समजण्यात अडथळा फक्त कधीकधीच यावा एवढंच. तुमचा परभणीचा, चंदगडचा, चोपड्याचा सूर राहू दे. शब्द ठरलेले वापरा आणि सावकाश बोला.

अडचणीत तर आडपडदा नकोच. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचं एक ७०७ इंधन संपून पडलं, ७३ माणसं गेली. त्यांनी प्रायॉरिटी मागितली होती, इंधन संपत आलंय असंही सांगितलं होतं, पण इमर्जन्सी हा शब्द म्हटला नाही, मेडे (जिवावरच्या संकटाची हाक) म्हटलं नाही. कंट्रोलरच्या लेखी ते रांगेतलं एक विमान राहिलं. भिडेपोटी मेडे गिळू नका.

रेडिओ पूर्णच गेला तर ७६०० (रेडिओ बंद पडल्याचा स्क्वॉक) लावा, आणि विमान चालवत राहा, ते आधी. दुसरा कॉम, दुसरा हेडसेट, हँड माइक, मागची फ्रिक्वेन्सी, मग १२१.५ (आणीबाणीची फ्रिक्वेन्सी), या क्रमाने बघा. ऐकू येत नसलं तरी आपली स्थिती बोलत राहा, कदाचित तुमचं जात असेल. सर्किटमधे आलात की टॉवरच्या काचेकडे नजर ठेवा, तिथून दिव्याने इशारा करतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा, लुकलुकता हिरवा म्हणजे लँडिंगसाठी परत या, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. दिसला की दिवसा पंख हलवून उत्तर द्या, रात्री लँडिंग लाइट उघडझाप करून.

आणि खाली उतरल्यावर स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, नीट टाका. "रेडिओ खराब" एवढंच लिहिलं तर इंजिनिअर जमिनीवर तपासतो, तिथे तो चालतो, आणि विमान तसंच परत हवेत जातं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाच्या नशिबी तेच. असं लिहा: कॉम वन, टॉवर फ्रिक्वेन्सी, २,००० फूट, विमानतळाच्या पश्चिमेला १२ मैल, ऐकू स्पष्ट येत होतं, टॉवरच्या म्हणण्याप्रमाणे कॅरिअर येत होता पण आवाज नाही, साइडटोन नव्हता, हेडसेट बदलून फरक पडला नाही, कॉम टू व्यवस्थित, उजव्या बाजूच्या बटणाने कॉम वनही व्यवस्थित. यातलं शेवटचं वाक्य वाचलं की इंजिनिअरला कळतं, शोध डाव्या बाजूपासून सुरू करायचा.